वळणाची खूण

लष्करी वैमानिकांना उड्डाण शिकवणाऱ्या एका तळाच्या शेजारी मी अकरा वर्षे राहिले. आमच्या घराची मागची भिंत आणि धावपट्टीचे टोक यांच्यामध्ये काटेरी कुंपण, गवताचे एक मैदान आणि पाण्याची उंच टाकी एवढेच होते. सुरुवातीच्या महिन्यांत मला नुसता गोंगाट ऐकू येत असे. पुढे हळूहळू त्या गोंगाटातले टप्पे वेगवेगळे ओळखू येऊ लागले. जमीन सोडताना इंजिनाने घेतलेला जोर, टाकीपाशी वळताना किंचित मवाळ झालेला आवाज, धावपट्टीला समांतर पण उलट्या दिशेने जातानाची एकसुरी घरघर, मग आणखी दोन वळणे, उतरण, चाके टेकल्याचा क्षण आणि न थांबता लगेच पुन्हा उड्डाण. या फेरीला सर्किट म्हणतात. मुळाक्षरे गिरवावीत तशी शिकणाऱ्याला ती गिरवावी लागते आणि मुळाक्षरांप्रमाणेच तिला पर्याय नसतो.

आई त्या वर्षांत अंथरुणाला खिळलेली होती आणि तिची खोली मागच्या बाजूला होती. विमान वरून गेले की खिडकीची काच थरथरत असे आणि ती थरथर आवाजापेक्षाही जास्त वेळ टिकत असे, म्हणून मी कागदाची घडी करून चौकटीच्या फटीत खोचून ठेवली होती. आई डोळे मिटून ऐकत पडे. उतरणाऱ्या विमानाचा सूर सारखा वरखाली होऊ लागला की ती म्हणे, "हा नवा आहे, घाबरतोय पोरगा." सूर अचानक स्थिर झाला तर म्हणे, "आता मास्तरांनी हातात घेतलं." एका दुपारी, लागोपाठ नऊ-दहा फेऱ्या झाल्यावर, तिने विचारले, "त्याला खाली आपण दिसत असू का गं?"

मला उत्तर देता आले नाही. लष्करी उड्डाण-प्रशिक्षण आणि त्याखाली राहणारी माणसे यांच्याविषयी त्यानंतर मी जे काही वाचले आणि ज्यांना ज्यांना विचारले, ते सारे त्या एका प्रश्नापोटी.

एवढे मोठे आकाश असताना विमाने आमच्याच डोक्यावर का, हा प्रत्येक शेजाऱ्याचा पहिला सवाल असतो आणि त्याचे उत्तर साधे आहे. विमान वाऱ्याच्या समोरून उडते आणि वाऱ्याच्या समोरूनच उतरते. त्यामुळे त्या दिवसाचा वारा धावपट्टीचे कोणते टोक वापरायचे ते ठरवतो. सर्किट धावपट्टीच्या कोणत्या बाजूने घ्यायचे तेही ठरलेले असते, कारण एकाच वेळी चार-पाच शिकाऊ विमाने हवेत असतील तर प्रत्येकाला दुसरे कुठे असेल याचा अंदाज हवा. उंची ठरलेली, वळणे ठरलेली. हवेतल्या माणसांची सुरक्षितता ज्या नियमितपणातून येते, त्याच नियमितपणामुळे जमिनीवरची तीच ती छपरे वर्षानुवर्षे त्या मार्गाखाली राहतात. रात्रीच्या सरावाचेही तसेच आहे. अंधारात पाहण्याचे चष्मे लावून हेलिकॉप्टर चालवायला शिकायचे तर खरा अंधार हवा, आणि उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात तो इतका उशिरा पडतो की शेजारी गाढ झोपेत असतानाच सराव सुरू होतो. यात कुणाचा दुष्टावा नाही. मात्र दुष्टावा नसला म्हणून त्रास उरत नाही असे होत नाही, आणि तळाकडून येणाऱ्या उत्तरांत या दोन गोष्टींची गल्लत फार वेळा केली जाते.

ही गल्लत सोडवण्याचा एक जुना प्रयत्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात झाला. नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरोजवळ कॉस्बी नावाचे दांपत्य कोंबड्या पाळून गुजराण करत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेजारचा छोटा विमानतळ लष्कराने भाड्याने घेतला आणि बॉम्बफेकी, मालवाहू आणि लढाऊ विमाने त्यांच्या घरावरून उतरू लागली. उतरण्याचा मार्ग घराच्या छपरापासून अवघा ६७ फूट वर होता आणि अंगणातल्या सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यापासून १८ फूट. भेदरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरू लागल्या. एकेका दिवसात सहा ते दहा, अशा मिळून सुमारे दीडशे कोंबड्या गेल्या. नवरा-बायकोची झोप उडाली आणि धंदा बंद करावा लागला. १९४६ साली न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्याची जमीन त्याचे वरचे सारे आकाश, हे जुने तत्त्व विमानांच्या युगात टिकणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. परंतु उड्डाणे इतकी खालून आणि इतक्या वेळा होत असतील की माणसाला आपली जमीन वापरणेच अशक्य व्हावे, तर सरकारने ती जमीन काही अंशी घेतली असे मानावे लागेल आणि तिचा मोबदला द्यावा लागेल, असेही ठरले.

मला या निकालातले आकडे भावतात. ६७ फूट, १८ फूट, दीडशे कोंबड्या. कुणीतरी त्या अंगणात उभे राहून झाडाच्या शेंड्यापासूनचे अंतर मोजले आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते आपल्या निकालात लिहून ठेवले. युद्ध चालू असताना एका कोंबडीवाल्याचे नुकसान क्षुल्लक ठरवणे सोपे होते. त्याचे म्हणणे खोटे नाही, हे आधी मान्य झाले आणि मोबदल्याची गोष्ट त्यानंतर आली.

पुढच्या काळात मोजमाप वाढले, परंतु अंगणात उभे राहणे कमी झाले. विमानांच्या गोंगाटाचे परिणाम आज बहुधा सरासरीने मांडले जातात. दिवसरात्रीचे सगळे आवाज एकत्र करायचे, रात्रीच्या आवाजाला दहा डेसिबल जास्तीचे धरायचे आणि वर्षभरावर पसरून एक आकडा काढायचा. नागरी विमानतळावर विमाने रोज सारख्याच संख्येने येतात, तिथे हे काही अंशी चालून जाते. लष्करी सराव मात्र लाटांनी येतो. विमानवाहू जहाजावर उतरण्याचा सराव आधी जमिनीवर करावा लागतो आणि त्यासाठी तुकडीतले सगळे वैमानिक जहाजावर जाण्याआधीच्या मोजक्या आठवड्यांत एकाच छोट्या धावपट्टीवर दिवसा आणि रात्री पुन्हापुन्हा चाके टेकवून उडत राहतात. मग कित्येक दिवस शांतता. त्या शांततेची भर घालून काढलेली सरासरी कुणाच्याच कानांनी ऐकलेली नसते. माणसाला ऐकू येते ते एकेक विमान, तेही पूर्वसूचना न देता अंगावर कोसळल्यासारखे.

वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिडबी बेटावर, कूपव्हिल गावाजवळच्या धावपट्टीवर, हाच सराव चालतो. २०१९ साली नौदलाने तिथल्या ग्रोलर नावाच्या जेट विमानांच्या फेऱ्या मोठ्या प्रमाणावर वाढवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. २०२२ साली संघीय न्यायालयाने नौदलाचा पर्यावरण-अहवाल अपुरा ठरवला. त्याची जी कारणे होती, त्यांतले एक मी पुन्हापुन्हा वाचले. वाढलेल्या उड्डाणांनी वर्गातल्या मुलांच्या शिकण्यावर काय परिणाम होईल याचा हिशेब नौदलाने मांडलाच नव्हता.

हा हिशेब मांडता येतो, हे त्याच्या कितीतरी आधी दिसले होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटन, नेदरलँड्स आणि स्पेनमधल्या मोठ्या विमानतळांजवळच्या ८९ शाळांतली नऊ-दहा वर्षांची २८०० हून अधिक मुले तपासली गेली. विमानांचा गोंगाट जितका जास्त, तितके मुलांचे वाचून समजणे मागे पडलेले आढळले. म्यूनिकमध्ये तर १९९२ साली जुना विमानतळ बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला, तेव्हा जुन्या ठिकाणच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारले आणि नव्या ठिकाणच्या मुलांचे घसरले. हे नागरी विमानतळ होते, पण कान तेच. मी स्वतः त्या वर्षांत शिकवत असे. विमान येऊ लागले की खडू फळ्याला टेकवून, वाक्य अर्धे ठेवून मी थांबत असे आणि आवाज गेल्यावर ते वाक्य पुढे नेत असे. मला वाटे की मी वाक्य जोडते आहे. एकदा एका मुलीच्या वहीत मी ते वाक्य पाहिले. पहिला अर्धा भाग होता, मग मोकळी जागा, आणि दुसरा अर्धा भाग नव्या ओळीवर, स्वतंत्र वाक्य असल्यासारखा.

आवाजाविषयी इतके लिहूनही खरी भीती आवाजाची नसते, हे तळाशेजारी राहणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. शिकणारा चुकतो. चुकल्याशिवाय तो शिकत नाही. सायकल शिकताना चूक रस्त्यावर होते आणि ही चूक हवेत होते, त्यामुळे ती कुठे येऊन पडेल हे कुणाच्या हातात राहत नाही. कधी तर चूक शिकणाऱ्याची नसतेच, यंत्राची असते.

३० जून १९५९ रोजी ओकिनावातल्या इशिकावा येथे अमेरिकी हवाई दलाचे एफ-१०० विमान मियामोरी प्राथमिक शाळेवर कोसळले. ११ विद्यार्थी आणि परिसरातले ६ रहिवासी दगावले, आणि भाजलेला आणखी एक विद्यार्थी त्याच जखमांच्या परिणामांनी कित्येक वर्षांनंतर गेला. ६ डिसेंबर १९९० रोजी इटलीत बोलोन्याजवळच्या कासालेक्यो दी रेनो गावात वायुसेनेचे सराव-विमान एका शाळेच्या वर्गात घुसले आणि १२ विद्यार्थ्यांचा जीव गेला. खटला चालला आणि अखेर वरच्या न्यायालयांत संबंधित अधिकारी निर्दोष ठरले. २१ जुलै २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेश हवाई दलाचे एफ-७ विमान प्रशिक्षण-उड्डाणावर असताना माइलस्टोन शाळेवर पडले. तीसहून अधिक माणसे गेली आणि त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. त्या तरुण वैमानिकाने विमान दाट वस्तीपासून दूर नेण्याचा प्रयत्न केला, असे तिथल्या लष्कराने सांगितले. तोही वाचला नाही. मियामोरी आणि कासालेक्यो इथले वैमानिक मात्र हवाई छत्रीने बाहेर पडले होते. मी त्यांना दोष देत नाही, कारण विमान हाताबाहेर गेल्यावर त्यांनी आत बसून राहिल्याने मुले वाचली असती असे नाही. तरीही वैमानिकाच्या आसनाखाली सुटकेची सोय असते आणि शाळेच्या बाकाखाली ती नसते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. शिक्षणाची जोखीम ज्याने पत्करली त्याला ती निदान माहीत होती. वर्गातल्या मुलांना ती कुणी विचारली नव्हती.

जिथे चूक नव्हे तर बेपर्वाई होती, तिथे शेजाऱ्यांचा राग वेगळ्या जातीचा असतो. ३ फेब्रुवारी १९९८ रोजी इटलीतल्या काव्हालेझेजवळ सरावासाठी निघालेल्या अमेरिकी मरीन दलाच्या विमानाने, ठरवून दिलेल्या किमान उंचीच्या कितीतरी खालून जाताना, रोपवेची तार तोडली. पाळण्यातली २० माणसे ठार झाली. अमेरिकी लष्करी न्यायालयाने वैमानिकाला मनुष्यवधाच्या आरोपातून मुक्त केले आणि पुढे उड्डाणाची चित्रफीत नष्ट केल्याबद्दल त्याला सेवेतून काढले गेले. मृत्यूसाठी नव्हे, पुरावा नष्ट केल्यासाठी शिक्षा झाली. विमान दुसऱ्या देशाचे असले की शेजाऱ्याला तक्रार करायलासुद्धा आपले म्हणावे असे दार राहत नाही.

वस्तीवरून उडणे इतके जोखमीचे असेल तर रिकाम्या प्रदेशात जाऊन शिकावे, हा उपाय सहज सुचतो. मलाही तोच सुचला होता. मग कॅनडातल्या लाब्राडोर या प्रदेशाविषयी वाचले. १९८० च्या दशकात ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्सच्या हवाई दलांनी तिथल्या गूज बे तळावरून जमिनीलगतच्या उड्डाणांचा सराव सुरू केला. नकाशावर तो प्रदेश मोकळाच होता. त्या मोकळ्या प्रदेशात तिथले मूळ रहिवासी असलेले इन्नू लोक कॅरिबू हरणांच्या मागे फिरत होते, नद्यांतून होड्या वल्हवत होते आणि तंबू ठोकून राहत होते. त्या भूमीला ते नितासिनान, म्हणजे आमची भूमी, म्हणतात. झाडांच्या शेंड्यांलगत जेट विमान येते तेव्हा ते दिसण्याआधी ऐकू येत नाही, आणि ऐकू येते तेव्हा ते डोक्यावरच असते. १९८८ साली इन्नू बायका, पुरुष आणि मुले तळाच्या धावपट्टीवर चालत गेली आणि तिथे बसली. अनेकांना अटक झाली. १९८९ साली न्यायाधीश जेम्स इग्लोलिओर्टे यांनी त्यांतल्या चौघांना निर्दोष सोडले, कारण ही भूमी आपली आहे असे ते प्रामाणिकपणे मानत होते. ज्या प्रदेशाला आपण रिकामा म्हणतो, तिथे बहुतेक वेळा आपल्याला फोन करू न शकणारी माणसे राहत असतात. तेव्हापासून "हे विमानतळ दूर कुठेतरी न्या" असे म्हणताना मला अवघडल्यासारखे होते.

तळ आणि शेजार यांचे नाते नेहमी असेच वैराचे असते, असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात हजारो ब्रिटिश तरुण अमेरिकेतल्या लहान गावांत उड्डाण शिकायला पाठवले गेले. ओक्लाहोमातल्या मायामी गावी अशीच एक शाळा १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत चालली. तिथे शिकताना मेलेल्या पंधरा जणांना गावाच्या दफनभूमीत जागा मिळाली. समुद्रापलीकडच्या आईबापांना तिथे येणे शक्य नव्हते. गावातल्या एका बाईने त्या कबरींची देखभाल स्वतःहून अंगावर घेतली आणि १९८२ साली मरेपर्यंत सोडली नाही. लढाईत मेलेल्यांचा मान मोठा असतो. शिकताना मेलेले बहुधा विसरले जातात. ज्यांच्या शेतांवरून ती मुले चुकत-माकत उडत होती, त्या गावाने त्यांना आपल्यातली मानले. हे वाचताना मला आईचे "घाबरतोय पोरगा" आठवले.

आता माझ्या घराची गोष्ट. आईचे दुखणे वाढले आणि तिला दुपारी औषधानंतर मिळणारी दोन तासांची झोप हीच काय ती विश्रांती उरली. नेमक्या त्याच वेळी फेऱ्या चालत. मी तळावर फोन केला. पलीकडच्या माणसाने सगळी उड्डाणे नियमाप्रमाणे होत असल्याचे सांगितले आणि माझे वाक्य पुरे होण्याआधी फोन ठेवला. नियम मोडला असे मी म्हणालेच नव्हते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. चौथ्या वेळी दुसराच आवाज होता, वयाने मोठा. त्याने घर कुठे आहे ते विचारले. मी पाण्याची टाकी सांगितली, तेव्हा तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "बाई, ती टाकी म्हणजे आमच्या मुलांची वळणाची खूण आहे. टाकी डाव्या पंखाखाली आली की वळायचं, असं मीच शिकवतो."

मी आईला ते सांगितले. तिला त्याचे फार अप्रूप वाटले. "म्हणजे आपण दिसतो," ती म्हणाली. टाकी दिसते, आपण दिसतो असे नव्हे, हे मी बोलले नाही.

त्या प्रशिक्षकाने मला पुढच्या आठवड्यातल्या रात्रीच्या सरावाच्या तारखा सांगितल्या आणि मग दर आठवड्याला सांगत राहिला. ब्रिटनमध्ये सर्वांत खालून होणाऱ्या उड्डाणांचे वेळापत्रक संरक्षण मंत्रालय आधी जाहीर करते, हे मला नंतर कळले. माझ्यासाठी ते एका माणसाच्या आवाजात येत होते. आवाज एका डेसिबलनेही कमी झाला नाही, पण आठ वाजता सुरू होऊन साडेदहाला संपणार हे ठाऊक असलेली रात्र आणि कधी संपेल ते ठाऊक नसलेली रात्र यांत केवढा फरक असतो, ते आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्यालाच कळेल. दुपारच्या त्या दोन तासांत विमाने हळूहळू टाकीच्या पलीकडून वळू लागली. तळ लोकांसाठी खुला ठेवतात त्या दिवशी मी तिथे गेले, तेव्हा शिकवण्याच्या खोलीत भिंतीवर सर्किटचा नकाशा लावलेला होता. टाकीच्या जागी एक गोल होता आणि त्याच्या शेजारी आमच्या घरांच्या ओळीभोवती पेन्सिलने एक रेघ ओढून "दुपारी २ ते ४" असे लिहिलेले होते. मी त्या रेघेला बोट लावले नाही, पुसली जाईल म्हणून.

आई त्या वर्षाच्या अखेरीस गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्या प्रशिक्षकाची बदली झाली, तुकडी बदलली, आणि दुपारची विमाने पुन्हा टाकीच्या अलीकडून वळू लागली. मला आता काही अडत नव्हते. पण शेजारच्या घरात नुकतेच बाळ आले होते आणि त्याची आई दुपारभर त्याला खांद्यावर घेऊन गच्चीखालच्या सावलीत फेऱ्या मारताना दिसे. मी तळावर फोन लावला. पलीकडे तरुण, अनोळखी आवाज होता. सगळी उड्डाणे नियमाप्रमाणे आहेत, असे तो म्हणाला. मी म्हटले, हो, ते मला माहीत आहे, आणि पाण्याच्या टाकीपासून सांगायला सुरुवात केली.